हळदीला आलेला माणूस

घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरखाली एक आजोबा रोज सकाळी बाकावर बसतात. कुणी नमस्कार केला की मूठ वर करतात. ही सगळी जमीन त्यांच्या गावाची. तरुणपणी त्यांनी इथे कसणाऱ्यांचं राज्य आणायला क्रांती आरंभलेली. ती फसली कशी, मी एकदा विचारलं.

"पोलिसांना आमी गावान येव दिला नाय," ते म्हणाले. "पन बिल्डर घराघरान हलदीला यायचा. हलदीला आलेला मानूस कोन हाकलतो?"

मग त्यांनी मलाही नातवाच्या हळदीचं आमंत्रण दिलं. मी गेलो. मांडवात पहिल्याच पंगतीला बिल्डर बसलेला. आजोबांच्या मुठीत मटणाची पळी होती. बिल्डर ताटावर आडवा हात धरून "बस, बस" म्हणत होता, पण क्रांतिकारक मागे हटायला तयार नव्हते.