लाखेचं सील

वडीगोद्रीकडच्या एका सरकारी दवाखान्याचे ते स्टोअरकीपर, सगळ्यांचे मामा. बोलणं ‘बिलकुल’ने सुरू करायचे आणि अत्यवस्थ रोग्यांच्या औषधांची ट्रॉली पोळ्याच्या बैलासारखी पुसून ठेवायचे. त्या ट्रॉलीला लाखेचं सील असावं आणि अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय ते तोडू नये, हे परिपत्रक माझंच. त्यातली भाषा मला फार आवडायची.

एका मे महिन्यात तपासणीला गेलो आणि व्हरांड्यातच कोसळलो.

सिस्टर ओरडल्या, “मामा, ट्रॉली उघडा, जल्दी!”

“बिलकुल उघडतो. पण साहेबांनी सील कुठं पाह्यलं?”

“अहो, साहेबच चालले ना!”

“मंग जालन्याहून दुसरे साहेब येऊ द्या.”

सिस्टरांनी त्यांना काय सुनावलं ते मला ऐकू आलं नाही. ते ट्रॉली ढकलत माझ्या तोंडापाशी आले आणि अदबीने वाकले. “साहेब, एक डाव बघून घ्या.”

हात उचलवत नव्हता. डोळे मात्र उघडले आणि थेट सीलवर गेले. लाख कडेला चिरलेली होती.

“खुलासा द्या,” मी पुटपुटलो.

“बिलकुल देतो,” म्हणत त्यांनी सील तोडलं.