मुराळी आल्याशिवाय

पीएचडीनंतर मला जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं संशोधन करायला फेलोशिप मिळाली, तेव्हा सासरी, दहिवलीत, सगळ्यांचा एकच प्रश्न: लग्न झालेली बाई नवऱ्याला सोडून जातेच कशी? उत्तरं देऊन देऊन मी वैतागले. सासूबाईंनी मात्र एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं, "माहेराला चाललीय ती."

मग त्यांनी मलाच छळायला घेतलं. सून माहेरी निघाली की तिला न्यायला तिकडून मुराळी यायलाच हवा. कोणी आल्याशिवाय त्या पाठवणार नव्हत्या. शेवटी मी चिडून सांगितलं, की तिथले म्हातारे प्राध्यापक स्वतः मला घ्यायला विमानतळावर येणार आहेत. "मंग जा," म्हणाल्या, आणि त्या मुराळ्यासाठी तांदळाचे पापड बांधून दिले.

दोन वर्षांनी परत आले, तर विमानतळावर नवऱ्याच्याही पुढे सासूबाई उभ्या. कल्याणच्या पलीकडे कधी न गेलेल्या!

"आई, एवढ्या लांब तुम्ही कशाला आलात?"

"तुजा म्हातारा सोडायला आला नाय ना," माझ्या हातातली पिशवी ओढून घेत त्या म्हणाल्या, "मंग आनायला सासरचं मानूस नको?"