चार तास आडवं व्हायचं नाही

गाडीनं मूर्तिजापूर सोडलं की कुंदाचा फोन यायचा. "निंगाली व गाडी. भाजी टाक." एवढंच बोलून ठेवायची. त्या दिवशीही साधारण त्याच वेळेला तिचं नाव फोनवर दिसलं आणि मी गॅस पेटवता पेटवता म्हटलं, "टाकली व, टाकली." पलीकडे तिची वहिनी होती. कुंदा सकाळी तयार होऊन, बॅग घेऊन पलंगावर बसली होती. चक्कर आली म्हणाली, आणि दवाखान्यात पोचायच्या आतच... मेंदूत रक्तस्राव झाला होता म्हणे. वहिनीनं रडत रडतच विचारलं, "ताई, ते तुमच्याकडे कायले येत होती एवढ्यांदा?" मी म्हटलं, "गप्पा माराले." ते काही खोटं नव्हतं.

आम्ही दोघी अमरावतीला डी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी लग्न होऊन अकोल्याला आले. ती अमरावतीतच शाळेवर लागली, लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली. अंगानं भरलेली, हसायला लागली की पलंग हलायचा. पन्नाशीत शुगर, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, सगळं मागे लागलं. मग तिनं एकटीनं ठरवून वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. वर्ष-दीड वर्षात बाई निम्मी झाली. गोळ्या सुटल्या, जिने चढू लागली. पण चेहरा पार उतरला. गाल ओघळले, कपाळावर आणि डोळ्यांपाशी सुरकुत्यांचं जाळं. आणि आमच्याकडे बाई वाळली म्हणजे ती आजारीच, यात कुणाला शंका नसते. शेजारणी सफरचंदं आणि बिस्किटांचे पुडे घेऊन तिला 'पाहायला' येऊ लागल्या. जाताना वहिनीला दाराशी हळूच विचारायच्या, मोठा आजार तर नाही ना...

"मी जिना चढून राहिली आन् या बाया मले सफरचंदं चारून राहिल्या!" सांगताना पोट धरून हसली, आणि मग गालावरून हात फिरवत म्हणाली, "सकाळी आरशात पाह्यलं की मलेच मी आजारी वाटते व. इतकं बरं वाटून राहिलं, तं बरं दिसलं बी पाह्यजे ना मानसानं."

सुरकुत्यांसाठी सुया टोचून घ्यायचं तिनं ठरवलं, आणि ते अकोल्यात. अमरावतीच्या दवाखान्यात कुठल्या तरी विद्यार्थ्याची आई भेटलीच असती. मला काही ते पटलं नव्हतं. "या वयात कोनाले दाखवाचं हाय?" मी विचारलं. "मले," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई सरळ होत्या. ओघळलेलं कातडं सुईनं वर जात नाही, रेघा तेवढ्या मऊ होतील, आणि तेही काही महिनेच टिकेल, असं त्यांनी आधीच सांगितलं. शिवाय घरी गेल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, चेहरा चोळायचा नाही.

जेवण झाल्यावर दुपारी पडायचं नाही, ही वऱ्हाडी माणसाला शिक्षाच. आमच्या ह्यांची एक सरळ पाठीची लाकडी खुर्ची आहे. हे गेल्यापासून तिच्यावर वाळलेले कपडे पडलेले असायचे. ते उचलून मी दर खेपेला सुया घेऊन आलेल्या कुंदाला तिथं बसवायची. वाटीभर वरणात भाकर कुस्करून ती सावकाश खायची, आणि मग ताठ बसायची. कूलरची हवा लागली की मान कलायची. मी ओरडायची, "कुंदे!" मी पलंगावर जरा टेकले की ती ओरडायची, "झोपू नोको व, बोल. तू झोपली तं मी बी झोपीन." मग आम्ही बोलत राहायचो. वसतिगृहातली पातळ आमटी, तिला पाहून गेलेले आणि न परतलेले मुलगे, माझा पुण्यातला मुलगा... एरवी माझ्या घरात दिवसभर टीव्हीच बोलतो. सुयांचा असर उतरायची वाट ती जितकी पाहत नसेल, तितकी मी पाहू लागले होते. एकदा येता येताच दारातून म्हणाली, "मागच्या खेपेपासून कोनीच घरी सफरचंद आनलं नाई!" इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

तेरवीला अमरावतीला गेले. बायका एकमेकींत बोलत होत्या, त्या ऑपरेशननंच नेलं म्हणून. हार घातलेला फोटो जुना होता, ऑपरेशनच्या आधीचा, गोल चेहऱ्याचा. माझ्या फोनमध्ये तिचा त्या खुर्चीतला फोटो होता. कपाळावर सुयांचे बारीक लाल ठिपके आणि चेहराभर हसू. मी तो तिच्या भावाला दाखवला, हा लावा म्हटलं. त्यानं बराच वेळ पाहिला. डोळे पुसले. "नाई ताई, याच्यात ते आजारी दिसते."

"भाऊ, आजारी नव्हती ते. याच्यातच ते सगळ्यात बरी होती."

त्यानं मान हलवली. हार जुन्याच फोटोवर राहिला. येताना गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा मी तो फोटो पुन्हा काढून पाहिला. माझ्याशिवाय तो कुणालाच नको होता.

खुर्चीवर मी पुन्हा कपडे टाकलेले नाहीत. दुपारी जेवण झालं की कूलर लावून पलंगावर पडते. आता कितीही झोपले तरी मला कुणी हटकणार नाही. तरी डोळा लागतो न लागतो तोच वाटतं, ती आत्ता म्हणेल, झोपू नोको व, बोल... मी उठून बसते. बोलायला समोर कुणी नसतं.