मारीसेलचा पासपोर्ट

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळ तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. आम्ही दुबईत, अल मनखूलला राहायचो. ओंकार चार वर्षांचा, आणि त्याला सांभाळायला फिलिपिन्सची मारीसेल. तिच्या लहानपणी तिची आई हाँगकाँगला लोकांची मुलं वाढवायची. आता मारीसेल इथे, आणि म्हातारी गावी मारीसेलच्या मुलीला वाढवत होती. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी —

थांबा, नीट सांगते. कामवालीचा पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घ्यायचा, अशी तिथली रीतच. आम्हीही ठेवला होता, माझ्या कपाटात, साड्यांखाली.

रविवारी तिला फोन आला, आई अत्यवस्थ आहे. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, प्लीज, माय पासपोर्ट. टुडे आय गो."

मला बँकेत लागून तीनच दिवस झाले होते. ओंकारला कुठे ठेवणार? नणंद पुण्याहून येणार गुरुवारी. नवरा मस्कतला दौऱ्यावर. आणि माझ्या तोंडून निघालं — किती सहज निघालं! — "पासपोर्ट इन सर्स ऑफिस, जबल अली. लॉकर की विथ सर. थर्सडे ही विल कम, इन्शाल्ला."

ती रोज विचारायची, मी रोज तेच सांगायचे. ती ओंकारला भरवत होती, माझा डबा भरत होती. मला भीती वाटायची ती कशाची? तिच्या आईच्या जिवाची? छे! तिने कपाट उघडलं तर, याची.

गुरुवारी नणंद आली, नवराही आला. मी पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. आई बुधवारीच गेली होती. मंगळवारपर्यंत शुद्धीवर होती, लेकीची वाट बघत होती.

महिन्याने मारीसेल परत आली आणि पुढे सहा वर्षं राहिली. मला तिने जीव लावला. नवऱ्याशी मात्र कधी धड बोलली नाही. "हिचं मी काय घोडं मारलंय गं?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "स्वभाव असतो एकेकाचा."

मग तिची मुलगीही दुबईत आली, एका दुकानात नोकरीला. मारीसेल तिला भेटवायला घेऊन आली. "धिस मॅडम," ती लेकीला म्हणाली, "शी गिव्ह मी माय पासपोर्ट."

पोरगी वाकली. त्यांच्यात मोठ्यांना नमस्कार करतात तसा तिने माझा हात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला.

मी तो मागे घेतला नाही.