गोधडीला फुटलेले कोंब

तर आमच्या मेहुण्यांनी फोनवर मला विचारलं, "दादा, जुनी गोधडी धुतली की तिला दोरे सुटतात का हो?" काल इथपर्यंतच आलो होतो ना आपण? तेवढ्यात तुम्हाला घरून बोलावणं आलं आणि तुम्ही उठलात. आता नीट बसा. मी त्यांना काय सांगितलं ते ऐका. मी म्हणालो, "सुटायचेच. कात्री घ्या आणि कापून टाका." एवढं बोलून मी फोन ठेवला आणि निवांत झोपलो. ती झोप मला फार महागात पडली.

गोधडी कुणाची, तर माझ्या धाकट्या बहिणीची. तिला आम्ही लहानपणापासून टाचणी म्हणतो. उंचीने माझ्या खांद्याला लागत नाही, अंगाने काडी, आणि बोलली की टोचतं. शर्टांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं कॉलर शिवल्या. त्यामुळे समोर कुणीही आलं तरी त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी ती गळ्याकडे बघते. मेहुणे पहिल्यांदा आमच्या घरी आले, चहा पिऊन गेले, तेव्हा आईने तिला आत बोलावून विचारलं, "कसा वाटला मुलगा?" ही म्हणाली, "डावं टोक वर आलंय." आईला वाटलं मुलाच्या डोक्यात काही बिघाड आहे की काय! मग कळलं, कॉलरचं टोक. पुढच्या खेपेला मेहुणे दोन्ही टोकं इस्त्रीने सपाट करून आले, आणि लग्न ठरलं.

मेहुणे शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. आता दोघंही घरीच. मागच्या दाराबाहेर चार खाटा मावतील एवढी जागा आहे, तिला टाचणी बाग म्हणते. हसू नका, त्या चार खाटांत ती टोमॅटो, वांगी, मटार, मुळे, गाजरं आणि भोपळा काढते. भोपळ्याचा वेल मात्र शेजारच्यांच्या भिंतीवर जातो आणि भोपळे तिकडेच धरतात. त्यावरून दर वर्षी दोन घरांत आठवडाभर अबोला असतो.

बागेचं बी ठेवायची तिची तऱ्हा वेगळी. आधी डब्यांत ठेवायची. उंदरांनी डबे पाडले, चिठ्ठ्या पुसट झाल्या, आणि एका वर्षी गाजरं म्हणून पेरलं ते सगळं कोथिंबीर निघालं. तेव्हा तिने गोधडी करायला घेतली. खाली जुन्या चादरींचे थर, वर कारखान्यातून आणलेल्या चिंध्यांचे चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे एक खिसा. आत बी, चारही बाजूंनी बारीक धावदोरा, आणि वर रेशमाने भरलेलं त्या झाडाचं पान. असे बेचाळीस चौकोन. गोधडी स्वयंपाकघरातल्या कोरड्या भिंतीवर टांगलेली. पेरणीच्या दिवसांत ती एकेका खिशाची एक बाजू उसवायची, हंगाम संपला की नवं बी घालून परत शिवायची, आणि थंडीत बसून पानं भरायची. पानांबद्दल माझं मत विचारू नका. मी एकदा मुळ्याच्या पानाला पालक म्हणालो, तर पुढे तीन दिवस मला कान तुटलेल्या कपातून चहा मिळाला.

मधला चौकोन आईच्या उशीच्या अभ्र्याचा. त्यात आईच्या परसातला घेवडा. दाणा पांढरा, आणि ज्या जागी तो शेंगेला चिकटलेला असतो तिथे डोळ्यासारखा एक लालसर ठिपका. आई गेली, ते घर गेलं, परसाच्या जागी आता कुणाची तरी गाडी उभी असते. राहिलं होतं ते एवढं बी. टाचणीने चाळीस वर्षं ते दर हंगामाला लावलं आणि दर हंगामाला परत जपून ठेवलं. दुसऱ्या कुणाला एक दाणा दिला नाही. समोरचा चष्मेवाला दहा वर्षं मागतोय. ही म्हणायची, "देईन की," आणि त्याच्या हातावर टोमॅटो ठेवायची. आदल्या साली वेलावर माव्याची कीड पडली आणि हाती आले एकोणीस दाणे. एकोणीस! तिने ते मला दोनदा मोजून दाखवून मग खिशात घालून शिवले होते. जगात दुसरीकडे तो घेवडा असेलही, पण आम्हाला ठाऊक असलेला तेवढाच.

आणि मग लेकीचा पाय मुरगळला म्हणून टाचणी चार दिवस तिच्याकडे गेली.

घरी मेहुणे एकटे. माणूस मनाने फार चांगला, पण रिकामा बसला की त्याला काहीतरी चांगलं करायची हुक्की येते. त्यांची नजर भिंतीवर गेली. गोधडी फोडणीच्या धुराने कळकट झाली होती. आत बी असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण आदल्याच आठवड्यात बायको गोधडी मांडीवर घेऊन सुई चालवत बसलेली त्यांनी पाहिली होती, आणि त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की बी काढून झालं. खिसे हाताला फुगीर लागले, तो त्यांना कापूस वाटला.

साबणाने रंग जातो, हे बायकोचं वाक्य त्यांना पाठ होतं. म्हणून नुसतं कोमट पाणी. रात्रभर टबात भिजवली, सकाळी त्यात उभं राहून तुडवली. बाहेर आभाळ आलेलं, म्हणून पाणी काढून टाकून ती तशीच दुमडून, गरम पाण्याच्या टाकीला टेकवून, दोन दिवस ठेवली. मुद्दाम कोंब काढायचे असते तर ह्यापेक्षा चांगली सोय एखाद्या माळ्यालाही जमली नसती. चौथ्या दिवशी ऊन आलं, गोधडी दोरीवर गेली, आणि शिवणींतून जागोजाग पांढरे दोरे बाहेर आलेले दिसले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मला फोन केला, आणि मी कात्री सांगितली.

त्याच दुपारी मी टाचणीला बसथांब्यावरून घेऊन आलो. मेहुणे दारात उभे, चेहरा असा की पहिला नंबर आलाय.

"डोळे मीट आणि मागे ये."

"का? काय मोडलंत?"

"मोडलं नाही गं, धुतलं!"

ती मागे गेली. गोधडीसमोर उभी राहिली. एक चौकोन दोन बोटांत धरून चुरगाळला, नाकाशी नेला.

"अहो, ह्याच्यातलं बी कुठे ठेवलंत?"

"तू काढलंस ना?"

"मी शिवण पक्की केली. उंदीर लागू नये म्हणून." मग ती आणखी जवळ गेली. "आणि हे काय कापलंय?"

"दोरे सुटले होते. मी मनाने नाही कापले हां, दादांना विचारून कापले."

ती माझ्याकडे वळली. "दादा, तुझ्या गोधड्यांना हिरवी टोकं असलेले दोरे सुटतात का रे?"

"मला फोनवर रंग कुठे दिसतो?" मी म्हणालो.

एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी अर्धा तास बोलणारी बाई. त्या दिवशी तिने सरळ आतून ब्लेड आणलं. गोधडी उतरवली, पायरीवर बसली, ब्लेडने आधी मधला चौकोन उसवला आणि दाणे परातीत मांडले. सात कुजून लिबलिबीत झालेले. तीन दाण्यांचे मोड तुडवताना तुटलेले. नऊ धड, टोकाला इवलासा पांढरा मोड. आईचा अभ्रा दुहेरी होता, म्हणून ते बाहेर आले नव्हते आणि कात्रीतून वाचले.

"आणखी दीड महिना थंडी आहे," ती म्हणाली. "बाहेर लावले तर मरतील, ठेवले तर कुजतील. आईचं बी माझ्या हातून संपलं तर काय करू रे मी?"

मेहुण्यांना तेव्हा खरं कळलं. आत गेले, खिडकीपाशी त्यांची आरामखुर्ची होती ती उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली, रोपांना खिडकी मोकळी. तुम्हाला वाटेल, खुर्ची हलवली, त्यात काय. अहो, त्या खुर्चीवर ते आम्हाला कुणाला बसू देत नसत. नातू बसला तर "ऊठ, चालकाची जागा आहे" म्हणायचे.

मग त्या दुपारी आम्ही तिघांनी घरभर पेरणी केली. बेचाळीस खिसे उसवले. कप, डबे, वर्तमानपत्राच्या पुड्या, बरण्यांची झाकणं, काही सोडलं नाही. कान तुटलेला माझा कपही गेला, त्यात मिरची लावली. संध्याकाळी चहा प्यायला घरात भांडं नव्हतं.

मेहुण्यांच्या अंगात वेळापत्रक मुरलेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोपांच्या फेऱ्या सुरू केल्या. सात दहाला पूर्वेची खिडकी, बारा वीसला बाहेरची खोली, तीन चाळीसला स्वयंपाकघर. ट्रे उचलायचे आणि रोपांना म्हणायचे, "आत सरका, आत सरका, मागे भरपूर जागा आहे." टाचणी त्यांच्याशी बोलत नव्हती, पण बारा पंचवीस झाले की भिंतीकडे बघत म्हणायची, "आज गाडी लेट आहे वाटतं."

नवातले सहा घेवडे वर आले. खिडकीतल्या उन्हात ते लांबुळके आणि फिके झाले. टाचणीने प्रत्येकाला एक काडी दिली आणि भरतकामाच्या रेशमाने अलगद बांधलं, सहांना सहा रंग. दोन तरीही माना टाकून बसले. माती तापल्यावर उरलेले चार बागेत गेले, आणि पहिल्याच आठवड्यात एक गोगलगायीने बुंध्याशी कुरतडला. राहिले तीन. मेहुणे रोज सकाळी स्टूल टाकून त्या तिघांसमोर बसायचे. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाले, "ड्यूटीवर आहे."

वेल चढले. फुलं आली, जांभळट, भरपूर. टाचणीच्या तोंडात पुन्हा धार आली, मला दोन-चार टोमणे मिळाले, जिवाला बरं वाटलं. आणि मग उन्हाचा कडाका सुरू झाला आणि फुलं गळायला लागली. रोज सकाळी खाली सडा, वर शेंग एकही नाही. पंधरा दिवस हेच. तिने भरायला घेतलेलं पान अर्धं टाकून सुई ठेवून दिली. टोमॅटो लाल झाले, ते तोडायलाही तिला सुधरेना. मीच तोडले, आणि मीच खाल्ले, कुणीतरी खायला हवेच होते.

एका दुपारी मेहुणे दबकत म्हणाले, "अगं, दुपारनंतरचं ऊन अडवलं तर? बसला आम्ही त्या बाजूने पडदा लावायचो."

"कशाने अडवणार? चादर पातळ पडते, ऊन आरपार येतं," ती वेलाकडे बघत म्हणाली.

मग उठली आणि ती गोधडी घेऊन आली, बेचाळीस खिसे उसवलेली, लोंबणारी. तिच्या वरच्या काठाला पितळी कड्या शिवल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "बांधा पश्चिमेला. आणि धुवू नका."

पाच महिन्यांत नवऱ्याशी सरळ बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य. मेहुणे इतके खूश झाले की पहिली गाठ त्यांनी स्वतःच्या बोटालाच मारली.

रोज दुपारी दोनला पडदा लागायचा, सहाला निघायचा. वीस वर्षांचं भरतकाम उन्हाने फिकं पडत गेलं. मुळ्याचं पान आता पालकाचंही दिसेना. पण फुलं गळायची थांबली, आणि पहिली शेंग दिसली तेव्हा मेहुण्यांनी मला फोन केला. ह्या खेपेला त्यांनी सल्ला विचारला नाही, मीही दिला नाही.

शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या होत्या. कोवळी शेंग मला फार आवडते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी नुसता हात लावून बघत होतो, तर मागून आवाज आला, "दादा, बोटं हवीत ना तुला?" थंडी पडायच्या आत सतरा शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या. परात मांडली, तिघं भोवती बसलो. एकाहत्तर दाणे. प्रत्येकाला तो लालसर डोळा. टाचणीने मोजले, मेहुण्यांनी मोजले, मग परत टाचणीने मोजले, कारण मेहुण्यांचे बहात्तर आले होते.

मला वाटलं, आता ही ते दुहेरी नाही, चौपदरी कापडात शिवणार आणि वर कुलूप लावणार. पण आठवड्याने गेलो तर ती खिडकीत बसून कॉलरच्या कापडाच्या छोट्या छोट्या थैल्या शिवत होती. समोर थैल्यांची रांग. एक लेकीची. एक शेजारच्या भोपळेवाल्यांची. एक बसडेपोच्या पहारेकऱ्याची, त्याच्या कोठडीमागे बाग आहे म्हणे. एक चष्मेवाल्याची. तो बिचारा थैली घ्यायला आला तेव्हा सवयीने टोमॅटोसाठी पिशवी घेऊन आला होता. एक थैली तिने माझ्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

मला राहवेना. मी म्हणालो, "अगं, चाळीस वर्षं कुणाला एक दाणा दाखवला नाहीस, आणि आता गल्लीभर वाटत सुटलीस. तुला काय राहिलं?"

तिने दोरा दाताने तोडला, माझ्या कॉलरकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला दहा राहिले, पुष्कळ झाले. उद्या ह्यांना परत काही चांगलं करायची हुक्की आली, तर मी पायरीवर रडत बसणार नाही, सरळ तुमच्या एकेकाच्या दारात उभी राहीन, आईचं बी परत द्या म्हणून. आणि दादा, तेव्हा तू जर म्हणालास ना की भाजी करून खाल्ली, तर माझ्याशी गाठ आहे, आत्ताच सांगून ठेवते."