सुळक्यावर भासऱ्यांना मारलं तेव्हा

चांदूर बाजारच्या आमच्या शेतातून उत्तरेला मेळघाटच्या डोंगरांची निळी ओळ दिसते. सासरच्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या फक्त ढग कुठवर आले ते पाहायला वापरली. मी अकोल्याची. कॉलेजात असताना दोर लावून कडे चढायला शिकले आणि ते वेड लग्नानंतरही उतरलं नाही. कळसूबाई झाली, हिमालय झाला. घरात याला ‘हिचं फिरणं’ म्हणतात, आणि ते म्हणताना नाक मुरडतात.

त्या रांगेतल्या एका सुळक्याबद्दल सांगायचं आहे. त्याचं नाव सांगणार नाही, नाहीतर उद्या तिथेही कोणी गोवऱ्या घेऊन चढेल. माथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड आहे. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, त्याला नवस केला होता: पोरगी पोलीस भरतीत निघाली तर वर येऊन गोवऱ्यांवर रोडगे भाजीन. पोरगी निघाली. त्या बापाच्या घरात वाढलेल्या पोरीने पोलीसच व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटलं.

कारण भासरे बायकोला मारायचे. लपूनछपून नाही, सगळ्यांना माहीत होतं. माझ्या जावेला डाव्या कानाने ऐकू येत नाही, ते त्यांच्या एका थापडीनंतर. भाजीत मीठ जास्त झालं होतं. मी घरात बोलून पाहिलं, नवऱ्याशी भांडले, सासूशी अबोला धरला. खुद्द भासऱ्यांना मात्र कधी एक शब्द बोलता आला नाही, कारण आमच्यात धाकट्या सुनेने भासऱ्याशी बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर पदर घ्यायचा, त्यांना हात लागू द्यायचा नाही. त्यांना मला काही सांगायचं झालं तर ते नवऱ्याला म्हणत, “तिले सांग.” मी शेजारीच उभी असले तरी.

सुळक्याची वाट घरात फक्त मला माहीत होती, म्हणून मला नेणं भाग पडलं. जाऊ गुडघ्यांमुळे पायथ्याशी गाडीत थांबली, वर निघालो ते मी, नवरा आणि भासरे. मी डोक्यावरून ओढणी घेतली होती, पण खाली ट्रॅकपँट होती, ती पाहून भासऱ्यांनी मान फिरवली. खांद्यावर गोवऱ्यांचं पोतं टाकून ते निघाले. माणूस दणकट, हे कबूल करावं लागेल. झुडपांतून, सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून, हाताने कातळ धरत ते माझ्या मागोमाग न थांबता चढले.

माथ्याच्या खाली घराच्या ओट्याएवढी सपाट जागा आहे. एका बाजूला सरळ कडा तुटलेला. दुसऱ्या बाजूला दोन पुरुष उंचीचा कातळ, तो चढला की देव. त्या कातळाच्या कपारीला आग्या मोहोळं लटकत होती, काळी, मोठ्या सुपांसारखी. मी नवऱ्याला म्हटलं, “इथे विस्तव नको. धूर सरळ वर जाईल.”

नवऱ्याने ते पुढे सांगितलं. वर माथ्यावर वारा होता, गोवऱ्या धरल्या नसत्या. आडोसा फक्त इथेच. भासरे म्हणाले, “तिले सांग, माश्या देवाच्याच हायेत. नवसाच्या धुराले त्या काई करत नाई. आन् बाईमाणसानं नवसात तोंड घालू नाई.”

“जाऊ दे न,” नवरा मला म्हणाला. “दादा आयकतेत का कोनाचं?” आणि पूजेचं सामान अन् बसायची घोंगडी घेऊन तो कातळ चढून वर गेला.

गोवऱ्या पेटल्या. भासऱ्यांनी कणकेचे जाड गोळे निखाऱ्यात ढकलले. पांढरा धूर कातळाला चाटत वर गेला, आणि मोहोळावरून एक लाट सरकली. मी ओढणी तोंडाभोवती घेईपर्यंत माश्या आमच्यावर होत्या.

आवाज आधी कानात नाही, दातांत जाणवला. मानेवर, पापणीवर, बोटांच्या पेरांवर डंख बसत होते, प्रत्येक तापल्या सळईसारखा. मैदानात असतं तर पळायचं असतं. इथे पळायला जागाच नव्हती. झाकून पालथं पडायचं, हा एकच इलाज. भासरे उभे होते. त्यांचं तोंड माश्यांनी काळं झालं होतं आणि ते स्वतःच्याच गालांवर थापडा मारत, ओरडत, आंधळ्यासारखे कड्याकडे निघाले होते.

मी ओरडले, “खाली बसा!” त्यांना उद्देशून बोललेले माझ्या आयुष्यातले पहिले शब्द. त्यांनी ऐकले. वळले. “मले सांगतं का तू?” म्हणाले, आणि आणखी एक पाऊल मागे, कड्याकडे टाकलं. माणूस मरणाच्या दारात उभा होता आणि सुनेचं ऐकायचं की नाही हे ठरवत होता. जित्याची खोड!

मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी मला बुक्की मारली, ओठ फुटला, पाठ कातळावर आदळली. मी पुन्हा धरलं आणि अंगातलं सगळं बळ एकवटून थोबाडीत मारली. ते गुडघ्यांवर आले. त्यांना पालथं पाडून मी पाठीवर बसले, त्यांच्याच खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या डोक्यावर ओढला. ते उठू पाहत होते, मी मारत होते. डोक्यात, पाठीत, खांद्यावर. माझी ओढणी केव्हाच सुटली होती आणि माश्या माझ्या हातांवर बसलेल्या असताना मी मारत होते. सुरुवातीचे तडाखे त्यांना वाचवायला होते. नंतर ते हलायचे थांबले. मी थांबले नाही. नंतरचे सगळे जावेचे होते, आणि ते मारताना मला बरं वाटत होतं. वाईट वाटायला हवं होतं असं लोक म्हणतील. वाटलं नाही.

“मेलो वो बाई,” दुपट्ट्याखालून आवाज आला. तेव्हा हात थांबला.

निखारे मी बुटाने कड्यावरून ढकलून दिले, रोडग्यांसकट. बऱ्याच वेळाने माश्या निवळल्या. वर नवरा घोंगडीत गुंडाळून, फटीतून खाली पाहत पडला होता, त्याचं थोडक्यात निभावलं. भासऱ्यांचे डोळे सुजून मिटले होते. उतरताना मी त्यांच्या खाली राहिले, घोटा धरून एकेक पाय खाचेत ठेवला. “उजवा खाली सोडा. आणखी. टेकला?” ते म्हणाले, “टेकला.” पायथ्यापर्यंत ते माझं ऐकत आले.

परतवाड्याच्या दवाखान्यात सलाइन लागल्यावर ते झोपले. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले. नवरा बाहेर फोनवर घरी सांगत होता आणि पलीकडून सासूचा आवाज इथपर्यंत येत होता: “भासऱ्यावर हात टाकला? अंगावर बसली?” माश्यांबद्दल कोणी विचारत नव्हतं.

जाऊ भासऱ्यांच्या चेहऱ्यात रुतलेले माश्यांचे काटे नखाने खरवडून काढत होती. ते झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं आता ही बोलणार, शेवटी नवरा आहे तिचा. तिने माझा उजवा हात उचलून मांडीवर घेतला. तो कोपरापर्यंत सुजला होता, मूठ मिटत नव्हती.

“हे माश्यायनं?” तिने विचारलं.

“काही माश्यायनं,” मी म्हटलं. “काही मारून मारून.”

ती बोट न बोट चाचपत राहिली, काटे काढत राहिली. मग पलंगाकडे पाहून म्हणाली, “त्याईचा हात कधी दुखला नाई.”