मेधाची गाडी

घाटात प्रत्येक वळणाआधी माझी बायको मेधा गाडीचा वेग कमी करत होती. एरवी हीच स्पोर्ट्स कार ती गुणगुणत वळवायची. तिच्या वाढदिवसाला मी तिला न विचारता मोठी चाकं आणि रुंद टायर बसवून आणले होते. गाडी ऐटदार दिसू लागली खरी. पण आता रस्त्यावरच्या चरी गाडीला बाजूला ओढत होत्या आणि मेधानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

“आवडलं ना?” मी विचारलं.

“दिसतंय छान.”

प्रेमानं काही देताना समोरच्याचा आनंद कशात आहे, हे आपण बघतच नाही.

वळण संपल्यावर तिनं गाडी थांबवली. “तू चालव,” ती म्हणाली. ही गाडी तिनं कधी कुणाच्या हाती दिली नव्हती. तिची सीट मागे सरकवताना मला तिच्याकडे बघवेना.